वांती थांबली, मान वाकडी झाली: एक प्रकरण

रात्री पाऊण वाजता तिला चौघांनी उचलून आणलं. मान डावीकडे पिळवटलेली, हनुवटी जवळजवळ खांद्याला टेकलेली. डोळे वर चढून तिथेच अडकलेले. जबडा एका बाजूला सरकलेला, त्यामुळे तोंड धड मिटत नव्हतं आणि जीभ राहून राहून बाहेर येत होती. कपाळावरचा अंगारा घामाने ओघळून भुवईत उतरला होता.

मी तेव्हा एका तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होते. मुलगी सतरा वर्षांची, अंगाने बारीक. (तिची ओळख पटेल असे एक-दोन तपशील इथे बदलले आहेत. औषधं, त्यांचे डोस आणि वेळा जशाच्या तशा आहेत.) टेबलावर ठेवेपर्यंत सोबतच्या माणसांकडून तीन निदानं मिळाली. आत्या म्हणाली, "बाहेरचं हाय मॅडम, सांजच्याला ओढ्याकडं गेलती." चुलत भावाच्या मते फिट आली होती. दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने "धनुर्वात, दुसरं काय" असं जाहीरच करून टाकलं. आई काहीच बोलत नव्हती, मुलीचे पाय धरून उभी होती.

चौथं निदान सिस्टरांचं. बीपीचा पट्टा बांधता बांधता त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, उलटीचं इंजेक्शन झालंय का विचारा." त्यांची नोकरी बावीस वर्षांची, माझी दोन.

मी मुलीचा हात हातात घेतला. "माझं ऐकू येतंय का? येत असेल तर हात दाब." तिने दाबला. "आता दोनदा दाब." दोनदा दाबला. डोळे छताकडे, आणि त्या वर चढलेल्या डोळ्यांतून पाणी कानामागे ओघळत होतं. ती पूर्ण शुद्धीवर होती. भोवती काय चाललंय ते तिला सगळं कळत होतं, फक्त मान, डोळे आणि जबडा तिच्या ताब्यात नव्हते.

निम्मा निकाल त्या हात दाबण्यातच लागला. अंगभर झटके देणाऱ्या फिटमध्ये माणूस असं ऐकून उत्तर देत नाही. धनुर्वातात शुद्ध असते, जबडाही आवळतो, पण तो तास-दोन तासांत असा एका बाजूला वळत नाही, डोळे असे वर अडकत नाहीत, आणि बहुतेक वेळा मागे कुठेतरी जखम सापडते. हिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. ताप नाही, नाडी ११२, रक्तदाब १०० वर ७०, बोटातल्या रक्ताची साखर ९४. राहिलं "बाहेरचं". त्याला आम्हा डॉक्टरांचाही एक प्रतिशब्द आहे, हिस्टेरिया. तरुण मुलगी दिसली की तो कागदावर लिहायला फार वेळ लागत नाही. माझ्या मते त्यात आणि अंगाऱ्यात फारसा फरक नाही. दोन्हींमुळे विचारपूस थांबते.

आईला विचारलं, वांत्या होत होत्या का? होत होत्या. इंजेक्शन? "सकाळीच दिलं की गावात, सलाइनबी लावली." मग थांबण्यासारखं काही नव्हतं. फेनरगन, म्हणजे प्रोमेथाझिन, २५ मिलिग्रॅम, कमरेच्या स्नायूत खोल. शिरेतून दिलं तर गुण लवकर येतो, हे खरं. पण शिरेबाहेर सांडलं तर त्या भागाचं मांस सडल्याच्या आणि हात गमावल्याच्या नोंदी आहेत, आणि हिच्या पाणी आटलेल्या हातात शीर धड सापडत नव्हती. वीस मिनिटं थांबण्याची आमची तयारी होती. नातेवाइकांची नव्हती, म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ दाखवून सांगितलं, "एक वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत मान सरळ झाली नाही तर मला विचारा."

आधी जबडा सुटला. मग डोळे खाली आले, परत वर गेले, परत आले. एक वाजून वीसला तिने मान आपणहून उजवीकडे वळवली आणि आईकडे पाहिलं. पहिलं वाक्य पाण्यासाठी होतं. दुसरं आत्यासाठी: "मी काय ओढ्याकडं गेले नव्हते."

आता मागचे चोवीस तास.

आदल्या दिवशी पाहुण्यांकडे पूजेचं जेवण झालं. रात्री पोटात मळमळलं, पहाटेपासून वांत्या सुरू, सोबत दोन-तीन पातळ जुलाब. सकाळी दहाला गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सलाइन लावली आणि सलाइनच्या नळीतच एक इंजेक्शन दिलं. त्यानंतर पाचेक मिनिटांत मुलीचा जीव घाबरा झाला. पाय स्थिर ठेवता येईनात, "सलाइन काढा, मला घरी जायचंय" म्हणून ती उठून बसायला लागली. सगळ्यांना वाटलं, पोर सुईला घाबरली. निघताना डॉक्टरांनी पांढऱ्या कागदाची पुडी दिली. तीन प्रकारच्या गोळ्या, प्रत्येकी तीन वेळा. पुडीवर काहीही लिहिलेलं नव्हतं.

दुपारी साडेबाराला पुडीतल्या गोळ्या दिल्या. पंधरा मिनिटांत वांती झाली. आईला वाटलं गोळी पडली, म्हणून एकच्या सुमारास "ती बारकी, उलटीची" पुन्हा दिली. संध्याकाळी मळमळ गेली नव्हती. चुलत भाऊ तालुक्याला आला होता, त्याने मेडिकलमधून "उलटीची चांगली गोळी द्या" म्हणून चार गोळ्या नेल्या. चिठ्ठी कुणी मागितली नाही. त्यातली एक सातला दिली. रात्री साडेनऊला पुडीतला रात्रीचा डोस. साडेअकराला तिने आईला सांगितलं की जीभ जड झालीय. पुढचं बोलता आलं नाही.

भावाच्या खिशात ती स्ट्रिप होती. कात्रीने आडवी कापलेली, तीन गोळ्या शिल्लक, आणि मागच्या बाजूला नावाचा उरलेला तुकडा: "क्लोप्रमाइड १०". नावाची सुरुवात कापलेल्या भागाबरोबर दुकानातच राहिली होती. पुडीतली बारकी गोळी मात्र मुकीच. शेवटी गावातल्या डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. झोपेतून उठले होते, तरी न चिडता सगळं सांगितलं. इंजेक्शन मेटोक्लोप्रमाइड, पुडीतली गोळीही तीच, भावाने आणलेली तीच. फक्त पुडीतली गोळी आणि दुकानातली गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या, म्हणून नावं दोन.

सकाळी दहा ते रात्री साडेनऊ. इंजेक्शन १० मिलिग्रॅम आणि चार गोळ्या प्रत्येकी १०, एकूण ५०. त्यातली एक वांतीत गेली असं धरलं तरी ४०. मुलीचं वजन ४२ किलो. या औषधाची दिवसभराची कमाल मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी २१. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला ३० च्या वर नको आणि पाच दिवसांच्या वर नको, असं युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये ठरवून दिलं. एका वर्षाखालच्या बाळाला तर मुळीच नको. १८ वर्षांखाली पहिली पसंती म्हणून नको, दुसरं काही चाललं नाही तरच. तिच्या वजनाच्या मुलीला एका वेळचा डोस त्या संस्थेच्या तक्त्यात ५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडची गोळी येते दहाची.

त्याच सूचनेतलं एक वाक्य आईच्या त्या दुपारच्या गोळीवर अगदी नेमकं बसतं. दोन डोसांमध्ये किमान सहा तास हवेत, मधे वांती झाली तरी. गोळी "पडली" म्हणून लगेच दुसरी द्यायची नाही, कारण पंधरा मिनिटांत तिचा किती भाग विरघळून आत गेला हे कुणालाच सांगता येत नाही. आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. जेवण पडलं तर आपण पुन्हा ताट वाढतो. औषधाचा हिशेब वेगळा असतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

हे नेमकं घडतं कसं? मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या जमिनीवर, वांतीची घंटा वाजवणारा एक छोटा भाग आहे. रक्तात काही विषारी आलं तर त्याला चटकन वास लागावा म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधला पहारा तिथे ढिला असतो. ही घंटा डोपामिन या रसायनाने वाजते. मेटोक्लोप्रमाइड डोपामिनची जागा अडवतं, घंटा थांबते. शिवाय जठर खालच्या बाजूने लवकर रिकामं होतं. औषध म्हणून उत्तम. अडचण अशी की ते तेवढ्यावर थांबत नाही, पहारा ओलांडून मेंदूच्या आतही शिरतं. हालचालींचा तोल राखणारी जी केंद्रं आत आहेत, तीही डोपामिनवरच चालतात. तिथे डोपामिन अडलं की त्याचा जोडीदार, ॲसिटिलकोलिन, वरचढ होतो आणि मान, डोळे, जबड्याचे स्नायू आपोआप आवळतात. याला डिस्टोनिया म्हणतात. प्रोमेथाझिन त्या वरचढ जोडीदाराला खाली बसवतं, म्हणून वीस मिनिटांत मान सुटते. गंमत म्हणजे प्रोमेथाझिन स्वतःही वांतीवर वापरलं जाणारं औषध आहे.

नेहमीच्या डोसवर हा प्रकार मोठ्या माणसांत साधारण ५०० मागे एकाला होतो, असं अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. मुलांमध्ये आणि तिशीच्या आतल्यांमध्ये प्रमाण याहून जास्त, आणि बहुधा पहिल्या २४ ते ४८ तासांतच. तरुण मुलगी, कमी वजन, भरपूर डोस, आणि त्यात अंगातलं पाणी आटलेलं. हे औषध बऱ्याच अंशी मूत्रपिंडातून बाहेर पडतं. दुपारपासून तिला लघवी झाली नव्हती, म्हणजे आलेलं औषध मुक्कामाला राहिलं. आणि सकाळची ती घालमेल, पाय स्थिर न राहणं? ती सुईची भीती नव्हती. इंजेक्शन भसकन नळीत सोडलं की असं होतं. ते किमान तीन मिनिटं घेऊन हळूहळू द्यायचं असतं. औषध या मुलीला मानवत नाही, हे सकाळी सव्वादहालाच कळण्यासारखं होतं.

गावातले डॉक्टर फोनवर म्हणाले, "सगळेच देतात, मी वीस वर्षं देतोय." ते खोटं नाही, आणि दिवसाला पन्नास रुग्ण बघणाऱ्या माणसाला इथे बसून शहाणपणा शिकवणं सोपं आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे. एवढ्या लहान आणि बारीक मुलीला पहिलं औषध म्हणून मी ऑन्डानसेट्रॉन दिलं असतं. ते सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनावर काम करतं, डोपामिनच्या वाटेला जात नाही, त्यामुळे मान वाकडी होण्याचा धोका नगण्य. जुलाब-वांतीत सहसा एक डोस पुरतो, वांती तेवढी थांबली की ओआरएस पोटात टिकतं, आणि खरा इलाज ओआरएसच आहे. अर्थात तेही फुटाण्यासारखं खायचं औषध नाही. बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं, आणि ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यांत मुळात गडबड आहे किंवा रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं आहे, त्यांच्यात ठोके बिघडू शकतात. अमेरिकेत त्याचा शिरेतून एकदम द्यायचा ३२ मिलिग्रॅमचा डोस २०१२ मध्ये याच कारणाने बंद झाला. डोम्पेरिडोन हे मेटोक्लोप्रमाइडचं भावंड. ते पहारा ओलांडून मेंदूत फारसं जात नाही, पण हृदयाचा धोका त्यालाही आहे.

डोम्पेरिडोनवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पित्तासाठी म्हणून घरोघरी ज्या कॅप्सूल असतात, त्यांच्या नावाच्या शेवटी "डी" किंवा "डीएसआर" असेल तर आत पित्ताच्या औषधासोबत डोम्पेरिडोन आहे. डीएसआरवाल्या एका कॅप्सूलमध्ये बहुधा ३० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसभराचा कमाल डोस एका घोटात. माणूस ती रोज सकाळी घेतो, वर्षानुवर्षं, आणि मळमळलं की त्यावर आणखी वांतीची गोळी. काही कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोनऐवजी लेव्होसल्पिराइड असतं. तेही डोपामिन अडवणारंच. म्हाताऱ्या माणसांत त्याने हात थरथरणं, चालणं मंदावणं सुरू होतं आणि कंपवाताचा कागद तयार होतो. मी असे एक आजोबा पाहिले आहेत, कॅप्सूल बंद केल्यावर काही आठवड्यांत पुन्हा स्वतःच्या हाताने चहा पिऊ लागले. मेटोक्लोप्रमाइड फार दिवस घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या अशा हालचाली जडतात की औषध सोडूनही त्या बऱ्याचदा जात नाहीत. म्हणून अमेरिकेत २००९ पासून त्याच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आहे: १२ आठवड्यांच्या वर नको.

त्या रात्रीकडे परत येते. मान सरळ झाली म्हणून घरी सोडायचं नसतं. प्रोमेथाझिनचा असर काही तासांत उतरतो आणि वाकडं करणारं औषध अजून रक्तात असतं, त्यातून हिची लघवी बंद. सलाइन सुरू केली. पहाटे साडेपाचला सिस्टरांनी उठवलं, मान पुन्हा ओढल्यासारखी वाटतेय म्हणून. या वेळी सौम्य होतं. ॲसिटिलकोलिनला आवरणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलची २ मिलिग्रॅमची गोळी दिली आणि ती पुढे सकाळ-संध्याकाळ दोन दिवस ठेवली. सातला लघवी झाली. मग ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. आत्याच चमचा घेऊन बसली होती.

वांत्यांचं मूळही पाहावंच लागतं. वांती हे दुसऱ्या कशाचं तरी लक्षण असतं, आणि ते बंद केलं की खालचा आजार काही वेळ झाकला जातो. पोट मऊ होतं, कुठे दाबून दुखत नव्हतं. आतडं अडलेलं असताना मेटोक्लोप्रमाइड दिलं तर अडलेल्या आतड्यालाच ढकलणं होतं. वांती हिरवी किंवा रक्ताची असेल, पोट फुगून दुखत असेल, आठ-दहा तास लघवी नसेल, माणूस गुंगत असेल, तर गोळी शोधण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. कावीळ दिसत नव्हती. मुलीला आणि आईला सांगून लघवीतली गर्भचाचणीही केली, कारण या वयात वांतीचं ते कारण न विचारताच सुटतं. ती निगेटिव्ह आली. पूजेचं जेवणच होतं. त्याच पंगतीतले आणखी दोघं घरी वांत्या करत होते, हे सकाळी कळलं.

दुपारी सोडताना केसपेपरवर लाल शाईने लिहिलं: "मेटोक्लोप्रमाइडने डिस्टोनिया. पुन्हा देऊ नये." तेच एका वेगळ्या कागदावर देवनागरीत लिहून मुलीला दिलं. चक्करवर देतात ते प्रोक्लोरपेराझिनही तिच्यासाठी त्याच पंक्तीतलं, म्हणून तेही खाली लिहिलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. ते दुकानागणिक बदलतं, आतल्या औषधाचं बदलत नाही. दहावी झालेली मुलगी, तिने दोनदा वाचून पाठ केलं आणि भावाला म्हणायला लावलं. त्याची जीभ "क्लोप्र" वर तीनदा अडखळली.

तो भाऊ मात्र अस्वस्थ होता. "मॅडम, मेडिकलवाल्याने दिली म्हणून आणली." त्याला स्ट्रिपवरची उभी लाल रेघ दाखवली. ही रेघ असलेलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं आणि मागायचंही नसतं. तो म्हणाला, "रेघ सगळ्यावरच असती." जवळजवळ खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुष्परिणामाची नोंद करायला बसले. भारताचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, कारभार गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईकही स्वतः कळवू शकतात, डॉक्टरच हवा असं नाही. फॉर्म साधा आहे. वय, वजन, काय झालं, कधी झालं, संशयित औषध, डोस, कोणत्या मार्गाने दिलं, सुरू कधी, बंद कधी. सगळं भरत गेले. मग बॅच नंबरचा रकाना आला. इंजेक्शनची फोडलेली काचकुपी गावातल्या दवाखान्याच्या कचऱ्यात होती. पुडीवर काहीच नव्हतं. स्ट्रिपवर नंबर असतो तो तुकडा मेडिकलच्या खणात, किंवा एव्हाना दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात. तिन्ही ओळींसमोर मी आडवी रेघ मारली आणि पान उलटलं.